विश्लेषण : घरासाठी सेंट्रल एसी की डक्टलेस? एसीचे जनक विलिस कॅरियर यांच्या आयुष्यात दडले आहे उत्तर

नवे घर घेताना किंवा जुन्या घराचे काम काढताना आता एक प्रश्न हमखास येतो. संपूर्ण घरासाठी डक्टवाला सेंट्रल एसी बसवायचा, की प्रत्येक खोलीत वेगळा स्प्लिट लावायचा? इंटिरियरवाला एक सांगतो, दुकानदार दुसरे. शेजाऱ्याचा अनुभव तिसराच असतो.

हा वाद वाटतो तितका नवा नाही. आधुनिक एअर कंडिशनिंगचा पाया घालणारे अमेरिकी अभियंते विलिस हॅविलँड कॅरियर यांनी आयुष्यभर याच प्रश्नाच्या वेगवेगळ्या रूपांशी झुंज दिली. त्यांनी छापखाने, गिरण्या, थिएटर आणि संसद थंड केली. सामान्य माणसाचे घर मात्र त्यांच्या हयातीत त्यांच्या यंत्रांपासून बरेचसे दूरच राहिले. असे का झाले, हे समजले की आपल्या घरासाठी कोणता एसी योग्य, हे ठरवणेही सोपे जाते.

कोण होते विलिस कॅरियर?

कॅरियर यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८७६ रोजी न्यूयॉर्क राज्यातील अँगोला या गावी झाला. हे गाव ईरी सरोवराच्या काठाजवळ, बफेलो शहराच्या पुढे आहे. घर शेतकऱ्याचे. विलिस एकुलता एक.

लहानपणी त्यांना अपूर्णांक काही केल्या समजत नव्हते. आईने टोपलीभर सफरचंदे आणायला लावली आणि ती कापून निम्मे, पाव, अष्टमांश म्हणजे काय ते दाखवले. मोठ्या प्रश्नाचे तुकडे करायचे आणि एकेक तुकडा सोडवायचा, ही सवय तिथून लागल्याचे ते पुढे सांगत असत. विलिस ११ वर्षांचे असताना आई गेली.

पुढे शिष्यवृत्तीवर त्यांनी कॉर्नेल विद्यापीठात प्रवेश मिळवला आणि १९०१ मध्ये अभियांत्रिकीची पदवी घेतली. त्याच वर्षी ते बफेलो फोर्ज या कंपनीत रुजू झाले. पगार आठवड्याला १० डॉलर.

ही कंपनी काय बनवत होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. हीटर, ब्लोअर आणि गरम हवा खेळवण्याची यंत्रणा. म्हणजे ज्या माणसाने जगाला थंडावा दिला, त्याची सुरुवात ऊब देणाऱ्या कारखान्यात झाली. डक्टच्या गोष्टीत हा मुद्दा पुढे फार महत्त्वाचा ठरतो.

पहिला एसी माणसांसाठी नव्हता, तो का?

१९०२ चा उन्हाळा. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील सॅकेट-विल्हेल्म्स या छापखान्यात रंगीत छपाईचा बोजवारा उडाला होता. रंगीत चित्र छापताना एकच कागद प्रत्येक रंगासाठी पुन्हा यंत्रातून जातो. दमट दिवशी कागद ओलावा शोषून किंचित फुगायचा, कोरड्या दिवशी आकसायचा. परिणामी एका रंगावर दुसरा रंग नेमका बसत नसे. कागद वाया जाई आणि काम रखडे.

बफेलो फोर्जच्या न्यूयॉर्क कार्यालयातील आयर्विन लाइल यांच्याकडे ही तक्रार आली आणि त्यांनी ती २५ वर्षांच्या कॅरियर यांच्याकडे सोपवली. मागणी स्पष्ट होती. हिवाळ्यात सुमारे २१ आणि उन्हाळ्यात सुमारे २७ अंश सेल्सिअस तापमान आणि वर्षभर ५५ टक्के आर्द्रता.

कॅरियर यांनी थंड पाणी फिरणाऱ्या नळ्यांवरून हवा सोडण्याचा आराखडा तयार केला. त्यावर तारीख आहे १७ जुलै १९०२. हाच दिवस आज आधुनिक एअर कंडिशनिंगचा जन्मदिवस मानला जातो.

नळ्यांवरून हवा सोडल्याने ती कोरडी कशी होते? थंड पाण्याने भरलेला तांब्या उन्हाळ्यात थोडा वेळ ठेवला की बाहेरून ओला होतो. ते पाणी तांब्यातून झिरपलेले नसते. खोलीतल्या हवेतील वाफ थंड पृष्ठभागावर जमते. एसीच्या आतल्या थंड नळ्यांवर हेच होते आणि ते पाणी पाइपमधून बाहेर पडते.

‘टन’ म्हणजे नेमके काय?

ब्रुकलिनच्या यंत्रणेची क्षमता दिवसाला १,०८,००० पौंड, म्हणजे सुमारे ४९,००० किलो बर्फ वितळण्याइतकी होती. हे माप आजही दुकानात तसेच वापरले जाते.

२४ तासांत २,००० पौंड बर्फ वितळताना जितकी उष्णता शोषली जाते, तितकी उष्णता काढण्याची क्षमता म्हणजे एक टन. वजनाशी किंवा यंत्राच्या आकाराशी त्याचा संबंध नाही. एक टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू, किंवा सुमारे साडेतीन किलोवॉट उष्णता. या हिशेबाने ब्रुकलिनची यंत्रणा ५४ टनांची होती, म्हणजे आजच्या दीड टनाच्या ३६ एसींइतकी.

कॅरियर खरोखरच एसीचे जनक का?

हवा थंड करणारे ते पहिले नव्हते. फ्लोरिडातील डॉक्टर जॉन गॉरी यांनी रुग्णांची खोली थंड ठेवण्याच्या ध्यासातून बर्फ तयार करणारे यंत्र बनवले आणि १८५१ मध्ये त्याचे पेटंट घेतले होते. न्यूयॉर्क शेअर बाजाराच्या १९०३ मध्ये खुल्या झालेल्या इमारतीतही आल्फ्रेड वुल्फ यांनी मोठी शीतयंत्रणा बसवली होती. एअर कंडिशनिंग हा शब्दही कॅरियर यांचा नाही. तो १९०६ मध्ये स्टुअर्ट क्रेमर या कापड उद्योगातील अभियंत्याने रूढ केला.

कॅरियर यांचे वेगळेपण आकडेमोडीत होते. हवेत नेमके किती पाणी आहे आणि ते किती असायला हवे, हे त्यांनी गणिताने ठरवून दाखवले.

त्याची किल्ली त्यांना पिट्सबर्गच्या रेल्वे फलाटावर सापडली, असे सांगितले जाते. १९०२ च्या अखेरीस एका धुकट रात्री ते गाडीची वाट पाहत उभे होते. धुके म्हणजे पाण्याने पूर्ण भरलेली हवा. पण तापमान कमी असल्याने अशा हवेत प्रत्यक्षात पाणी थोडेच असते. मग हव्या त्या तापमानाचे धुके मुद्दाम तयार केले तर? त्या हवेत किती पाणी आहे हे अचूक कळेल आणि नंतर ती थोडी गरम केली की हवी ती आर्द्रता मिळेल.

हवा कोरडी करायला पाण्याचाच फवारा वापरायचा, ही कल्पना उलटी वाटते. पण फवाऱ्याचे पाणी पुरेसे थंड असेल तर हवेतील जादा वाफ त्याच थेंबांवर जमते. या यंत्रणेचे पेटंट त्यांना २ जानेवारी १९०६ रोजी मिळाले.

नागपुरात कूलर चालतो, मुंबईत का नाही?

डिसेंबर १९११ मध्ये कॅरियर यांनी अमेरिकेतील यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेसमोर आपली सूत्रे मांडली. हवेचे तापमान, तिच्यातील ओलावा आणि उष्णता यांचा परस्परसंबंध त्यात होता. त्यावर आधारलेला सायक्रोमेट्रिक चार्ट आजही जगभरातील अभियांत्रिकीचे विद्यार्थी गिरवतात.

हा तक्ता आपल्या रोजच्या अनुभवाचेही उत्तर देतो. समजा, नागपुरात मे महिन्यात पारा ४३ अंशांवर आहे आणि आर्द्रता १५ टक्के आहे. अशा हवेत पाणी भराभर उडते आणि सिद्धांतानुसार हवा सुमारे २३ अंशांपर्यंत थंड होऊ शकते. प्रत्यक्षात कूलर इतके खाली जात नाही, पण मोठा दिलासा नक्की देतो.

आता मुंबईची हवा घ्या. ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रता. इथे पाणी उडून हवा फार तर २९ अंशांपर्यंत येईल आणि तीही चिकट. मुंबई, ठाणे किंवा कोकणात कूलर का हरतो, याचे कारण हे. तिथे खरे काम हवेतील पाणी काढण्याचे असते. म्हणूनच यंत्र निवडण्याआधी आपल्या गावची हवा पाहायला हवी.

काचेच्या कारखान्यातील धडा

बफेलो फोर्जमध्ये असतानाच कॅरियर यांच्यावर एक बाका प्रसंग आला. मिसुरी राज्यातील क्रिस्टल सिटी येथे एका काचकारखान्यात त्यांनी गॅस शुद्ध करणारे यंत्र बसवले. ते चालत होते, पण हमी दिली होती तितके चांगले नाही. तरुण अभियंत्याची झोप उडाली.

मग त्यांनी स्वतःला विचारले, की वाईटात वाईट काय होईल? यंत्र काढावे लागेल आणि कंपनीचे २०,००० डॉलर बुडतील. हे त्यांनी मनाने स्वीकारले आणि नंतर शांतपणे नुकसान कमी करण्याच्या मागे लागले. आणखी ५,००० डॉलरचे साहित्य बसवल्यावर अडचण सुटली आणि तोटा होण्याऐवजी कंपनीला १५,००० डॉलर मिळाले.

चिंता सोडून कसे जगावे, यावरचे डेल कार्नेगी यांचे १९४८ मधील गाजलेले पुस्तक अनेकांनी वाचले असेल. त्यात हा प्रसंग आहे. मात्र हे कॅरियर म्हणजे एसीवालेच, हे बऱ्याच वाचकांच्या लक्षात येत नाही.

नोकरी गेली, कंपनी उभी राहिली

१९१४ मध्ये युरोपात महायुद्ध पेटले. बफेलो फोर्जने फक्त उत्पादनावर लक्ष केंद्रित करायचे ठरवले. एअर कंडिशनिंगचे आरेखन करणाऱ्या अभियंत्यांना आता तिथे भवितव्य नव्हते.

कॅरियर, लाइल आणि आणखी पाच अभियंते अशा सात जणांनी ३२,६०० डॉलर उभे केले आणि १९१५ मध्ये कॅरियर इंजिनीअरिंग कॉर्पोरेशन स्थापन केली. सुरुवातीला त्यांच्याकडे विकायला स्वतःचे यंत्र नव्हतेच. ते हिशेब, आराखडा आणि हमी विकत होते. कापड गिरण्या, तंबाखू, औषधे, चॉकलेट अशा उद्योगांचे कोरडी किंवा नेमक्या ओलाव्याची हवा नसल्यामुळे नुकसान होत होते. ते सारे त्यांचे ग्राहक बनले.

थिएटरने चित्र कसे बदलले?

त्या काळातील शीतयंत्रे अवाढव्य होती आणि बरीचशी अमोनियावर चालत. अमोनिया विषारी. गळती झाली तर गर्दीच्या ठिकाणी अनर्थ होण्याची भीती असे. १९२२ मध्ये कॅरियर यांनी न्यूअर्क येथे सेंट्रिफ्युगल चिलर लोकांपुढे आणला. वेगाने फिरणाऱ्या पात्यांच्या जोरावर चालणारे हे यंत्र आधीच्या यंत्रांपेक्षा आटोपशीर होते आणि त्यात अमोनियाऐवजी तुलनेने कमी धोकादायक द्रव वापरला होता. मोठ्या इमारतींचे दरवाजे त्यामुळे उघडले.

१९२४ मध्ये डेट्रॉइटच्या जे. एल. हडसन या मोठ्या दुकानात अशी तीन यंत्रे बसली. तिथे तळघरात सेल लागला की गर्दीने आणि उकाड्याने ग्राहक बेशुद्ध पडत. गारवा आला आणि लोक दुकानात रेंगाळू लागले.

थिएटरमध्ये अडचण वेगळी होती. आधीच्या यंत्रणा जमिनीलगतच्या झरोक्यांतून थंड हवा सोडत. थंड हवा जड असते, ती खालीच साठते. त्यामुळे प्रेक्षकांचे पाय गारठायचे आणि डोक्याशी उकाडा कायम राहायचा. काही जण पायांना वर्तमानपत्र गुंडाळून बसत. कॅरियर यांच्या कंपनीने दिशा उलटी केली. थंड हवा छतातून हळूहळू खाली सोडायची आणि परतीची हवा खालून ओढून घ्यायची. डक्टमध्ये किती थंड हवा आहे याइतकेच ती कुठून येते आणि कुठून परत जाते, हेही महत्त्वाचे आहे, असा हा धडा होता.

मे १९२५ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरमध्ये परीक्षा झाली. पॅरामाउंटचे प्रमुख अडॉल्फ झुकर स्वतः पाहायला आले होते. यंत्र सुरू व्हायला उशीर झाला आणि प्रेक्षक हातपंखे हलवत बसले. कॅरियर आणि त्यांचे सहकारी काळजीत होते. हळूहळू हवा गार झाली आणि एकेक पंखा थांबत गेला. शेवटी झुकर यांनीही पसंतीची पावती दिली. पुढील पाच वर्षांत कंपनीने सुमारे ३०० थिएटरमध्ये यंत्रणा बसवली. १९२८ आणि १९२९ मध्ये अमेरिकी संसदेची दोन्ही सभागृहेही थंड झाली.

मग घर का सुटले?

घराकडे कॅरियर यांचे लक्ष नव्हते असे नाही. १९१४ मध्येच मिनियापोलिसमधील चार्ल्स गेट्स या धनाढ्याच्या वाड्यात त्यांच्या कंपनीची यंत्रणा बसली होती. ती सुमारे ७ फूट उंच, ६ फूट रुंद आणि २० फूट लांब होती. म्हणजे एसीलाच एक मोठी खोली हवी. गेट्स तोवर हयात नव्हते.

१९२८ मध्ये कंपनीने घरांसाठी वेदरमेकर नावाचे आटोपशीर यंत्र आणले. मात्र पुढच्याच वर्षी शेअर बाजार कोसळला आणि महामंदी आली. लोकांकडे अन्नाला पैसे नव्हते, एसी कोण घेणार? १९३० मध्ये दोन कंपन्यांसोबत विलीनीकरण होऊन कॅरियर कॉर्पोरेशन तयार झाली. पुढची काही वर्षे तगून राहण्यातच गेली. १९३७ मध्ये विखुरलेले कारखाने सिराक्युज शहरात एकत्र आणण्यात आले.

दरम्यान, दुसऱ्या वाटेने खोलीचा एसी येत होता. १९२९ मध्ये फ्रिजिडेअर कंपनीने खोली थंड करणारे यंत्र बाजारात आणले. त्याची रचना ऐकून आज नवल वाटेल. खोलीत रेडिओच्या कपाटासारखा भाग आणि उष्णता बाहेर टाकणारा भाग वेगळा. म्हणजे कल्पनेने तो स्प्लिटच होता, फक्त जड आणि महाग. १९३१ मध्ये एच. एच. शुल्झ आणि जे. क्यू. शर्मन यांनी खिडकीच्या कठड्यावर ठेवायच्या एसीची कल्पना मांडली. दुसऱ्या महायुद्धानंतर खिडकीचे एसी स्वस्त झाले आणि १९४७ मध्ये अमेरिकेत असे सुमारे ४३,००० एसी विकले गेले.

कॅरियर यांची दृष्टी इमारतीची होती. आधी संपूर्ण वास्तूचा हिशेब, मग यंत्र. ग्राहकाला मात्र एकच खोली, तीही रात्री झोपण्यापुरती गार हवी होती. घरगुती बाजार या साध्या गरजेने जिंकला.

डक्ट कमी करण्याचा मार्ग खुद्द कॅरियर यांनीच शोधला?

बऱ्याच अंशी हो. उंच इमारतींमध्ये मोठे डक्ट खूप जागा खातात. प्रत्येक मजल्यावर छताखाली पत्र्याचे बोगदे गेले की भाड्याने देण्याची जागा घटते. शिवाय एका बाजूला ऊन आणि दुसऱ्या बाजूला सावली असेल तर एकाच तापमानाची हवा सर्वांना सोयीची होत नाही.

१९३० च्या दशकाच्या अखेरीस कॅरियर यांनी यावर तोडगा काढला. मध्यवर्ती यंत्रातून थोडीच हवा, पण लहान पाइपांतून वेगाने पाठवायची. प्रत्येक खोलीत खिडकीखाली एक छोटे युनिट, त्यात थंड किंवा गरम पाण्याच्या नळ्या आणि ज्याच्या त्याच्या हातात नियंत्रण. ताजी हवा मध्यवर्ती यंत्रातून आणि तापमान खोलीनुसार, अशी ही विभागणी होती. गगनचुंबी इमारतींसाठी ती फार उपयोगी ठरली.

म्हणजे सेंट्रल एसीच्या सर्वात मोठ्या पुरस्कर्त्यालाही प्रत्येक खोलीला स्वतंत्र नियंत्रण हवे, हे मान्य होते. १९८२ मध्ये जपानच्या डायकिन कंपनीने आणलेली व्हीआरव्ही यंत्रणा त्याच गरजेचे पुढचे उत्तर आहे. तिच्यात बाहेर एक युनिट असते आणि बारीक तांब्याच्या नळ्यांतून अनेक खोल्यांतील युनिटना हवा तितकाच थंडावा मिळतो.

शेवटची वर्षे

दुसऱ्या महायुद्धात कॅरियर यांच्यापुढे आयुष्यातील सर्वात अवघड काम आले. क्लीव्हलँड येथे विमानांची इंजिने उंच आकाशातील गोठवणाऱ्या हवेत कशी वागतात, हे जमिनीवरच तपासण्यासाठी पवनबोगदा बांधला जात होता. प्रचंड वेगाने वाहणारी हवा उणे ४० अंश सेल्सिअसच्याही खाली न्यायची होती. कॅरियर यांनी ते करून दाखवले. आपली सर्वात मोठी कामगिरी म्हणून ते याच कामाकडे पाहत.

खासगी आयुष्यात त्यांनी दुःख बरेच पचवले. दोन पत्नींचे निधन त्यांना पाहावे लागले. त्यांनी तीन विवाह केले आणि दोन मुले दत्तक घेतली. हृदयाच्या आजारामुळे १९४८ मध्ये ते कामातून निवृत्त झाले. ७ ऑक्टोबर १९५० रोजी न्यूयॉर्कमध्ये वयाच्या ७३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. बफेलो येथे त्यांचे दफन करण्यात आले.

अमेरिकी घरांमध्ये एसी सर्रास दिसू लागला तो त्यांच्या पश्चात. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या बहुतेक नव्या घरांत सेंट्रल एसी येऊ लागला.

अमेरिकेत सेंट्रल आणि आपल्याकडे स्प्लिट, असे का?

याचे उत्तर हिवाळ्यात आहे. अमेरिकेतील असंख्य घरांमध्ये भट्टीतील गरम हवा खोल्यांत पोहोचवण्यासाठी डक्ट आधीपासूनच होते. बफेलो फोर्जसारख्या कंपन्या गरम हवा खेळवण्याच्या याच धंद्यात होत्या. त्याच डक्टमधून उन्हाळ्यात थंड हवा सोडणे तुलनेने स्वस्त पडले.

जपानमधील लहान घरांत असे डक्ट नव्हते. तिथे १९६० च्या दशकापासून स्प्लिट एसी आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून इन्व्हर्टर तंत्रज्ञान विकसित झाले. आपल्याकडेही घरात डक्ट नसतात. छताची उंची मर्यादित असते आणि एका वेळी एक-दोन खोल्याच थंड करायच्या असतात. म्हणून आपण अमेरिकेपेक्षा जपानच्या वाटेने गेलो.

म्हणूनच परदेशी राहणाऱ्या नातेवाइकांचा सल्ला इथे जसाच्या तसा लागू होत नाही. ज्याच्या घरात डक्ट आहेत त्याचा खर्च आणि ज्याला ते नव्याने टाकायचे आहेत त्याचा खर्च, यांत मोठा फरक असतो.

मग आपल्या घरासाठी काय निवडावे?

कॅरियर यांची पद्धत होती आधी हवेचा आणि जागेचा हिशेब, यंत्र नंतर. त्याच क्रमाने हे मुद्दे तपासता येतील.

● एका वेळी किती खोल्या वापरात असतात? दिवसा हॉल आणि रात्री एक-दोन बेडरूम, असे असेल तर स्प्लिट किंवा मल्टी-स्प्लिट परवडतो. बंगला मोठा असेल आणि दिवसभर सर्व खोल्यांत माणसे असतील तर सेंट्रल यंत्रणेचा विचार करता येतो.

● डक्ट कुठून जाणार? डक्टसाठी फॉल्स सीलिंग लागते आणि खोलीची उंची कमी होते. तापलेल्या गच्चीखालून किंवा माळ्यावरून डक्ट जात असतील तर गारवा वाटेतच वाया जातो. गळके आणि नीट आच्छादन नसलेले डक्ट असतील तर थंडाव्यासाठीच्या विजेपैकी ३० टक्क्यांहून अधिक वाया जाऊ शकते, असे अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचे म्हणणे आहे. स्प्लिटमध्ये हे नुकसान होत नाही.

● किती टनाचा? जास्त मोठा म्हणजे चांगला, हा समज चुकीचा आहे. गरजेपेक्षा मोठा एसी खोली झटकन थंड करून बंद पडतो आणि हवेतील ओलावा काढायला त्याला वेळच मिळत नाही. खोली गार पण चिकट राहते. किनारपट्टीवर हा त्रास जास्त जाणवतो. खोलीचा आकार, पश्चिमेचे ऊन, वरचा मजला, काचेचे प्रमाण आणि माणसांची संख्या पाहूनच क्षमता ठरवावी.

● ताजी हवा कुठून येणार? साधा स्प्लिट खोलीतील तीच हवा फिरवतो. बाहेरची हवा तो आत आणत नाही. घरातील अनेक डक्टवाल्या यंत्रणांमध्येही बाहेरच्या हवेची सोय वेगळी करून घ्यावी लागते. थंडाव्याइतकीच शुद्ध आणि खेळती हवा हा कॅरियर यांच्या व्याख्येचा भाग होता. आज नेमका तोच सर्वाधिक विसरला जातो.

● देखभाल कशी? सेंट्रल यंत्रणेत फिल्टर एका जागी असतो, पण डक्टची आतून स्वच्छता सोपी नसते. स्प्लिटमध्ये प्रत्येक युनिटचा फिल्टर वेगळा धुवावा लागतो, मात्र ते काम घरच्या घरी होते.

● वाईटात वाईट काय होईल? ऐन मे महिन्यात सेंट्रल यंत्र बंद पडले तर संपूर्ण घर तापते. चारपैकी एक स्प्लिट बंद पडला तर घरातील माणसे दुसऱ्या खोलीत झोपू शकतात. वृद्ध, लहान मूल किंवा आजारी माणूस घरात असेल तर हा मुद्दा किमतीइतकाच महत्त्वाचा आहे.

थोडक्यात, आपल्याकडील दोन-तीन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये डक्ट नसतील तर डक्टलेस एसीच बहुधा सोयीचा ठरतो. नव्याने बांधला जाणारा मोठा बंगला असेल, डक्टसाठी जागा आराखड्यातच ठेवली असेल आणि बहुतेक खोल्या एकाच वेळी वापरात असतील, तर सेंट्रल किंवा व्हीआरव्ही यंत्रणेला अर्थ आहे. कोणतीही यंत्रणा घेतली तरी दुकानदाराकडून आधी उष्णतेचा हिशेब लेखी मागावा. तो न करता फक्त चौरस फूट विचारून टन सांगणाऱ्याकडून घाईने खरेदी करू नये.